नदीच्या थंड पाण्यातील ऊब

आल्प्सच्या उत्तरेस पसरलेल्या झ्युरिक सरोवराचे पाणी लिमाट नदीच्या रूपाने जेथून वाहू लागते, तेथून थोड्याच अंतरावर, नदीच्या उजव्या काठास लागून, पात्रातच उभारलेल्या पायांवर झ्युरिकचे राटहाउस, म्हणजे नगरभवन, उभे आहे. १६९४ ते १६९८ या चार वर्षांत बांधलेल्या या भारदस्त दगडी इमारतीत प्रांताच्या आणि शहराच्या प्रतिनिधींच्या सभा पिढ्यान्‌पिढ्या भरत आल्या, कायदे मंजूर झाले, करांच्या तजविजींवर खल झाला. आणि हिवाळा आला की लाकडाच्या शेगड्या पेटवून ही दालने ऊबदार ठेवण्याचा परिपाठ विसाव्या शतकापर्यंत चालू राहिला. १९३७-३८ साली इमारतीचा जीर्णोद्धार झाला तेव्हा या शेगड्या बाद करण्यात आल्या आणि त्यांच्या जागी असे एक यंत्र बसविण्यात आले की ज्याला धुराडे लागत नव्हते आणि ज्याची राख कोणाला उपसावी लागत नव्हती. खिडक्यांखालून वाहणाऱ्या लिमाटच्या पाण्यातून, पौष-माघात हात घातला तर बोटे बधिर व्हावीत अशा त्या पाण्यातून, ते यंत्र उष्णता काढून घेई आणि सभागृहाच्या तापवाहिन्यांत ६० अंशांचे पाणी खेळवी.

हा चमत्कार नव्हता. त्यामागचे शास्त्र तेव्हा शंभर वर्षांचे जुने झाले होते. तरीही हे शास्त्र एवढा काळ पुस्तकांत का पडून राहिले, झ्युरिकमध्येच ते प्रथम नीट का रुजले आणि रुजल्यावरही पुन्हा विस्मृतीत का गेले, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की ध्यानात येते ते असे की या यंत्राचे दैव शास्त्रज्ञांच्या बुद्धीवर फारसे अवलंबून नव्हते. ते कोळशाच्या आणि तेलाच्या भावावर, आणि त्याहूनही अधिक, वीज कशापासून निर्माण होते या एका गोष्टीवर अवलंबून होते.

प्रथम शास्त्राची हकीकत. ज्याला आपण थंड पाणी म्हणतो ते उष्णतेवाचून रिते झालेले नसते. उणे २७३ अंशांपर्यंत खाली उतरल्यावरच पदार्थातील उष्णता संपते; त्या मानाने ४ अंशांचे नदीचे पाणी उष्णतेने चांगलेच संपन्न असते. एक घनमीटर पाणी अवघ्या एका अंशाने थंड केले तर त्यातून एक किलोवॉटची विजेची शेगडी तासाभराहून अधिक काळ जितकी उष्णता देईल तितकी उष्णता बाहेर पडते, आणि नदीतून असे घनमीटर अखंड वाहत असतात. अडचण एवढीच की उष्णता आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते, उलट दिशेने कधीही नाही. विहिरीचे पाणी पाटात यावयाचे तर मोट चालवावी लागते. तद्वत नदीतील खालच्या पातळीवरची उष्णता खोलीच्या वरच्या पातळीवर आणावयाची तर श्रम खर्ची घालावे लागतात. १८२४ साली फ्रान्सच्या सादी कार्नो या तरुण अभियंत्याने उष्णता व यांत्रिक श्रम यांच्या परस्परसंबंधावरील आपला छोटासा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या सर्व विचाराचा पाया घातला. त्याच साली जन्मलेल्या विल्यम टॉमसन यांनी, ज्यांना जग पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने ओळखू लागले, त्या पायावर इमारत रचली.

टॉमसन तेव्हा ग्लासगोच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. उष्ण कटिबंधातील घरांच्या खोल्या यंत्राने थंड करता येतील काय, या प्रश्नाची चर्चा त्या काळी ब्रिटनमधील विद्वानांत चालू होती. चार्ल्स पियाझी स्मिथ या ज्योतिर्विदाने त्या दिशेने एक योजनाही मांडली होती. डिसेंबर १८५२ मध्ये ग्लासगोच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात टॉमसन यांनी हाच विचार उलटा करून दाखविला: जे यंत्र खोलीतील उष्णता बाहेर नेऊन टाकू शकते तेच बाहेरची उष्णता खोलीत आणू शकेल, आणि कोळसा शेगडीत जाळून मिळते त्यापेक्षा, तोच कोळसा इंजिनात जाळून असे यंत्र चालविल्यास, अधिक उष्णता मिळेल. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने मांडलेला हा विचार निर्दोष होता. परंतु ज्या देशात कोळसा मुबलक होता आणि धुराड्यांचा धूर हीच भरभराटीची खूण मानली जात होती, त्या देशात त्याची रुजुवात करून पाहण्याची निकड कोणास भासली नाही.

निकड भासली ती प्रथम मिठागरांना. खारे पाणी उकळून मीठ काढावयाचे तर सरपण अतोनात लागते. ऑस्ट्रियातील एबेनझे येथे पेटर फॉन रिटिंगर या खाणतज्ज्ञाने १८५६ च्या सुमारास उकळत्या खाऱ्या पाण्याची वाफ दाबून, तिचे तापमान वाढवून, ती पुन्हा त्याच पाण्याला तापविण्यासाठी वापरण्याचा प्रयोग केला. पण मिठाचे कठीण थर नळ्यांवर जमू लागल्याने तो तडीस गेला नाही. स्वित्झर्लंडमधील बेक्सच्या मिठागरात १८७७ साली तीच कल्पना यशस्वी झाली. म्हणजे उष्णता खालून वर उचलणारे यंत्र मिठाच्या धंद्यात चालू लागले होते. घरे ऊबदार ठेवण्याचे काम त्याच्याकडून घेण्यास मात्र आणखी पन्नासेक वर्षे लागली.

या मधल्या काळात शीतयंत्रांची वाढ झाली. बर्फाचे कारखाने निघाले, मांस वाहून नेणारी शीतगृहयुक्त जहाजे निघाली, आणि त्यांच्यासाठी दाबयंत्रे, नळ्या, झडपा ही सारी सामग्री तयार मिळू लागली. आज आपल्या स्वयंपाकघरातील फ्रिजच्या पाठीमागे हात नेला असता जी ऊब लागते ती बहुतांशी आतून काढलेली उष्णता असते. फ्रिज तिला बाहेर आणून टाकतो. राटहाउसमध्ये बसविलेले यंत्र, म्हणजे उष्णतापंप, हे तेच यंत्र होय. फरक इतकाच की येथे थंड झालेली बाजू निरुपयोगी आणि ऊबदार बाजू कामाची. अतिशय कमी तापमानावर उकळणारे एक द्रव्य नळ्यांतून फिरत ठेवावयाचे. नदीच्या पाण्याशी त्याची गाठ घालून द्यावयाची, म्हणजे ४ अंशांच्या पाण्याची उष्णताही त्याला उकळी आणण्यास पुरते. मग ती वाफ दाबयंत्रात दाबावयाची, म्हणजे ती तप्त होते. आणि ती तप्त वाफ इमारतीच्या तापवाहिन्यांतील पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. वीज लागते ती दाबयंत्र फिरविण्यापुरती. एक भाग वीज खर्चिली तर दोन भाग उष्णता नदीकडून मिळावी आणि इमारतीत एकूण तीन भाग पोहोचावेत, असा हा साधारण जमाखर्च आहे.

स्कॉटलंडमध्ये ग्रेम हॉल्डेन या विद्युत अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात स्वतःच्या घरी असा पंप बसवून, बाहेरची हवा आणि नळाचे पाणी यांतून उष्णता घेऊन पाहिली आणि १९३० साली आपल्या निरीक्षणांचा वृत्तान्त विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे ठेवला. पुढे भारताचे नागरिकत्व पत्करून येथेच देह ठेवणारे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचे हे चुलतभाऊ. त्यांचे गणित चोख होते, तरी पुन्हा तेच झाले. ब्रिटनमध्ये कोळसा स्वस्त होता आणि वीज त्याच कोळशापासून होत होती.

आता झ्युरिककडे वळू. स्वित्झर्लंडच्या भूमीत कोळसा नाही म्हटले तरी चालेल. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा कोळसा आटला तेव्हा त्या देशाची आगगाडी अडखळली, आणि त्या अनुभवाने शहाणे होऊन स्विस सरकारने आपल्या लोहमार्गांचे विद्युतीकरण अशा झपाट्याने हाती घेतले की १९२२ पर्यंत गोटहार्डचा अवघड घाट विजेच्या गाड्या चढू लागल्या. ती वीज डोंगरावरून कोसळणाऱ्या पाण्याची होती. लाकूड, परदेशी कोळसा आणि स्वदेशी जलविद्युत अशा तीन वाटा ज्या देशापुढे होत्या त्याला तिसरी वाट ओढून घेणार हे ओघानेच आले. परंतु विजेच्या साध्या शेगडीवर इमारती तापविणे म्हणजे मोलाची वीज एकास एक या भावाने उधळणे. तीच वीज उष्णतापंपाला दिली तर एकाचे तीन होत होते.

कर्तबगार यंत्रशाळेचीही तेथे वाण नव्हती. १८०५ साली सूतगिरणी म्हणून निघालेली एशर व्हिस ही झ्युरिकची पेढी तोवर जलचक्रे, वाफेची चक्रे आणि शीतयंत्रे बनविण्यात युरोपभर नावाजली होती. तिचेच अभियंता हाइनरिक त्सोली यांनी १९१२ साली जमिनीतील उष्णता पंपाने काढून घेण्याच्या कल्पनेचे पेटंट घेऊन ठेवले होते. राटहाउसचे काम या पेढीकडे आले. लिमाटचे पाणी इमारतीच्या पायाशीच होते. आणि ती नदी सरोवरातून निघत असल्यामुळे तिचा स्वभावही सौम्य होता. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड होऊन तळाशी बसते, म्हणून मोठे सरोवर सहसा तळापर्यंत गोठत नाही. शहरावरची हवा शून्याखाली कितीही उतरली तरी नदीचे पाणी द्रवरूपच राहते. उष्णता काढण्यासाठी हवेपेक्षा पाण्यावर भरवसा ठेवण्याचे खरे कारण हेच.

राटहाउसच्या यंत्राची जडणघडण थोडी जवळून पाहण्याजोगी आहे. जेथे लोकप्रतिनिधी बोलावयाचे आणि ऐकावयाचे, तेथे खालून दट्ट्यांचा खडखडाट येऊ लागला तर सभा कशी चालावी? नेहमीचे वरखाली होणारे दट्टे त्यामुळे बाद ठरले आणि नुकतेच सिद्ध झालेले, गोल फिरणारे दाबयंत्र निवडण्यात आले; तीनशे वर्षांकडे वाटचाल करणाऱ्या भिंतींना त्यामुळे कंपही जाणवेनात. नळ्यांत फिरणारे द्रव्य फ्रिऑन होते, जे उणे ३० अंशांच्या आसपास उकळते आणि ज्याला ना वास ना ज्वाला. अमोनियासारखे जहाल द्रव्य भरवस्तीतल्या सभागृहाखाली खेळविण्याची जोखीम तेव्हा कोणी पत्करली नसती. यंत्राचे सामर्थ्य १०० किलोवॉट उष्णता देण्याइतके होते. जादा उष्णता साठवून ठेवण्याची सोय होती, आणि कडाक्याच्या दिवशी कमी पडल्यास विजेच्या शेगडीची जोड होती. उन्हाळ्यात हेच यंत्र दालने थंड करी, तेव्हा खोल्यांची उष्णता नदीकडे परत जाई. या साऱ्या मांडणीत मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की अभियंत्यांनी इमारतीला आपल्या यंत्राच्या सोयीने वाकविले नाही. इमारतीची, सभेची आणि नदीची मर्जी राखून त्यांनी यंत्र घडविले.

वर्ष उलटले न उलटले तोच महायुद्ध पेटले. १९४० च्या मध्यापासून स्वित्झर्लंड जवळजवळ चोहोबाजूंनी जर्मनी व इटली यांच्या सत्तेने वेढले गेले, आणि कोळशाची प्रत्येक वाघीण जर्मन दरबाराच्या मर्जीवर व कराराच्या कलमांवर येऊ लागली. घराघरांत कोळशाचे मोजमाप होऊ लागले. राटहाउसचा प्रयोग तोवर कुतूहलाचा विषय होता, तो आता राष्ट्रीय गरजेचा झाला. १९४१ साली झ्युरिकचे बंदिस्त जलतरणगृह उष्णतापंपासह उघडले; १९४२-४३ मध्ये तेथील प्रख्यात तंत्रविद्यापीठाला आणि आसपासच्या सरकारी इमारतींना ऊब पुरविणाऱ्या केंद्रात, लिमाटचेच पाणी घेऊन, राटहाउसच्या यंत्राच्या कित्येक पटींनी मोठी यंत्रे बसली. युद्ध संपेतो त्या चिमुकल्या देशात पस्तीसच्या आसपास असे पंप चालू झाले होते. बहुतेक नदीच्या, सरोवराच्या किंवा भूगर्भातील पाण्यावर. ज्या टंचाईने इतर देशांत माणसे कुडकुडली तिने येथे एका यंत्राला अन्नपाणी घातले.

ब्रिटनमध्ये हा धडा एका नगरपालिकेच्या नोकराने गिरविला, आणि त्याच्या चिकाटीची हकीकत मला या सर्व इतिहासात विशेष मोलाची वाटते. जॉन समनर हे नॉरिच शहराच्या वीजखात्याचे प्रमुख अभियंता होते. खात्याची कचेरी वेन्सम नदीच्या काठी होती, आणि ती या नदीच्या पाण्यावर ऊबदार ठेवावी असे त्यांनी मनात घेतले. युद्धाने नवी यंत्रसामग्री दुर्मीळ करून ठेवलेली. तेव्हा समनर यांनी जुने, वापरलेले दाबयंत्र मिळविले, उरलेले भाग जमेल तेथून गोळा केले, शीतद्रव्य म्हणून सल्फर डायऑक्साइड पत्करले आणि १९४५ साली आपला पंप उभा केला. अशा जोडकामाच्या यंत्राने भरलेल्या विजेच्या सुमारे तिप्पट उष्णता दिली. समनर यांनी एकेक मोजमाप नोंदवून ठेवले व आपला अहवाल यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडला. १९४७ च्या भयंकर हिवाळ्यात ब्रिटनमध्ये कोळशाअभावी वीजकेंद्रे थंडावली, कारखान्यांना टाळी लागली. आणि अशा वेळी देशाच्या एका कोपऱ्यात नदीचे पाणी कचेरी तापवीत होते, ही गोष्ट सरकारदरबारी पोहोचल्यावाचून राहिली नाही.

तिचे फलित लंडनमध्ये दिसले. १९५१ च्या ब्रिटन महोत्सवासाठी थेम्सच्या दक्षिण काठी रॉयल फेस्टिव्हल हॉल उभा राहिला तेव्हा इंधनमंत्रालयाच्या पुढाकाराने त्याच्यासाठी थेम्सच्या पाण्यावर चालणारा पंप बसविण्यात आला. युद्धात स्पिटफायर विमानांना बळ देणाऱ्या मर्लिन इंजिनांना शहरातील कोळसावायूवर चालविण्याजोगे करून त्यांच्याकडून दाबयंत्रे फिरविण्यात आली. कल्पना भव्य होती, पण यंत्र गरजेच्या मानाने फार मोठे झाले; उष्णता हवी त्याहून जास्त निर्माण होऊ लागली, खर्चाचा मेळ बसेना, आणि प्रयोग गुंडाळून यंत्र काढून टाकण्यात आले. त्यावरून नदीचा पंपच निकामी असा बोभाटा झाला; हा निवाडा अन्यायाचा होता असे माझे मत आहे. चूक आकारमानाची होती, तत्त्वाची नव्हे.

तथापि ब्रिटनमध्ये या यंत्राला एक खरी अडचण होती आणि ती नाकारून चालणार नाही. त्या काळच्या वीजकेंद्रात कोळशातील उष्णतेचा चौथा हिस्सादेखील विजेच्या रूपाने क्वचितच हाती लागे. म्हणजे चार भाग कोळसा जाळावा, एक भाग वीज मिळवावी, तिचे पंपाने तीन भाग करावेत. आणि एवढा खटाटोप करून हाती यावे ते चांगल्या भट्टीत कोळसा सरळ जाळून आले असते तेवढेच. झ्युरिकच्या जलविद्युतेला हा पहिला तोटा सोसावाच लागत नव्हता. समनर यांची बुद्धी एशर व्हिसच्या अभियंत्यांहून कमी नव्हती. त्यांच्या पाठीशी आल्प्स नव्हता.

पुढील दोन दशके मध्यपूर्वेच्या तेलाची होती. तेल इतके स्वस्त झाले की स्वित्झर्लंडमध्येसुद्धा घरोघरी तेलाच्या भट्ट्या बसल्या. जुने पंप चालत राहिले, नवे बसविण्याची उमेद मावळली. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखून धरले आणि त्याचे भाव काही महिन्यांत चौपट झाले, तेव्हा विस्मृतीत गेलेली टिपणे पुन्हा उघडली गेली. या वेळी आघाडी घेतली स्वीडनने. अणुकेंद्रांची आणि जलाशयांची वीज त्या देशात मुबलक होती, आणि शहरांत एका केंद्रातून नळांवाटे हजारो घरांना ऊब पुरविण्याची व्यवस्था आधीच होती. स्टॉकहोमच्या रोप्स्टेन भागात १९८४ ते १९८६ या काळात समुद्राच्या पाण्यावर चालणारे अजस्र पंप उभारण्यात आले, ज्यांचे एकत्रित सामर्थ्य १८० मेगावॉट, म्हणजे राटहाउसच्या यंत्राच्या अठराशे पट होते. उन्हाळ्यात पृष्ठभागाचे कोमट पाणी आणि हिवाळ्यात १५ मीटर खोलीवरचे, सुमारे ३ अंशांवर स्थिर राहणारे पाणी घ्यावयाचे, अशी तेथील रीत आहे.

याच सुमारास फ्रिऑनचा दोष उघडकीस आला. ज्या द्रव्याला सर्वांनी निरुपद्रवी मानले होते ते वातावरणातील ओझोनचे कवच झिजविते असे सिद्ध झाले आणि १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याला रजा देण्याचे ठरले. अभियंत्यांना मग अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड या जुन्या द्रव्यांकडे नव्या तंत्रासह परत जावे लागले. राटहाउसचे मूळ यंत्र त्रेसष्ट वर्षे चालून २००१ साली निवृत्त झाले. त्याच्या जागी अधिक काटकसरी असा दुसरा उष्णतापंपच बसविण्यात आला.

पुढच्या दोन कामांचा उल्लेख केल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. नॉर्वेतील ड्रामेन शहरात २०११ च्या सुमारास खाडीच्या खोल पाण्यातील ८ अंशांची उष्णता घेऊन ९० अंशांचे पाणी पुरविणारे अमोनियाचे पंप चालू झाले. ते बनविले ग्लासगोच्या एका कारखान्याने, म्हणजे टॉमसन यांनी ज्या शहरात आपला निबंध वाचला त्याच शहराने, दीडशेहून अधिक वर्षांनी. आणि डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरील एस्बियर्ग बंदरात उत्तर समुद्राच्या पाण्यावर चालणारे कार्बन डायऑक्साइडचे दोन प्रचंड पंप उभे राहिले आहेत. सुमारे २५,००० घरांना ऊब देण्याचे त्यांचे उद्दिष्ट आहे. त्यांची दाबयंत्रे एशर व्हिसचा वारसा हाताबदल होत ज्या कंपनीकडे आला, तिच्या कारखान्यात घडली. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यावर डेन्मार्कमध्ये आता वीज होते, आणि त्या विजेला समनर यांच्या काळचा चारातले तीन हिस्से गमावण्याचा तोटा नाही. एस्बियर्ग शहराला तोवर ऊब पुरविणारे कोळशाचे वीजकेंद्र २०२४ साली बंद करण्यात आले.